हॅरिस पूल ते संग्रामदुर्ग: गावठाणांतून एक भटकंती

पिंपरी-चिंचवड 'बघायला' कुणी जात नाही. इथे लोक कामाला येतात, मुलाखतीला येतात, भाड्याची खोली शोधायला येतात. सुट्टी मिळाली की लोणावळ्याला निघतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून नुसतं पुढे जाणाऱ्याला उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि कंपन्यांच्या लांबच लांब भिंती दिसतात, आणि इथून तिथून सगळं एकच असं त्याचं मत होतं. हे मत रस्त्याचं आहे, शहराचं नाही. कुठल्याही चौकात उतरून जरा आत शिरलं की भैरवनाथाचं नाहीतर मारुतीचं देऊळ, त्यासमोरचा पार, तालीम आणि दोन माणसांनी अंग चोरून चालावं अशी गल्ली लागते. इथल्या लोकांच्या तोंडी तो भाग आजही 'गावठाण'च आहे.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. म्हणजे इथल्या कितीतरी आजोबांपेक्षा शहरच वयाने लहान. वस्त्या मात्र जुन्या आहेत, आणि प्रत्येक वस्तीचा स्वभाव वेगळा आहे, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळी माणसं वेगळ्या कारणाने येऊन राहिली. कुठे गणेशभक्त आला, कुठे गव्हर्नर, कुठे निर्वासित, कुठे आयटीआय झालेला फिटर. कोण आलं आणि कशासाठी आलं, एवढा एकच प्रश्न घेऊन दापोडीपासून चाकणपर्यंत फिरलं तर हे शहर उलगडत जातं.

दापोडी: गव्हर्नरची बाग आणि एसटीचं वर्कशॉप

पुण्याकडून येताना बोपोडी संपते, मुळा नदीवरचा हॅरिस पूल लागतो आणि पलीकडे दापोडी सुरू होते. पवना इथेच जवळ मुळेला मिळते. आज दापोडी म्हटलं की लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते. रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी लाल गाड्यांचे सांगाडे या कार्यशाळेत उभे राहिले आहेत.

पण दोनशे वर्षांपूर्वी हे ठिकाण बागेसाठी ओळखलं जाई. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम इथल्या बंगल्यात असे. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८२८ मध्ये, त्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या सर्जनकडे त्याची देखरेख आली. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तो इथे लावत असे. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचं नाव कुणी नोंदवलं नाही, दापोडीचं मात्र त्या संग्रहाला चिकटून राहिलं. १८६५ च्या सुमारास उद्यान गणेशखिंडीकडे गेलं. औषध आणि यंत्र ही या पट्ट्याची पुढची दोन मोठी कामं. त्यातल्या औषधाची सुरुवात अशी फुलांच्या वाफ्यात झालेली आहे.

पिंपरी: गाव, कॅम्प आणि पेनिसिलीन

दापोडीहून पिंपरीला मेट्रोने जावं. ६ मार्च २०२२ रोजी पुणे मेट्रोचा जो पहिला टप्पा सुरू झाला, त्यातला एक तुकडा पिंपरी ते फुगेवाडी हा होता. पुण्याचं म्हणवणाऱ्या मेट्रोची सुरुवात निम्मी पिंपरीत झाली, ही गोष्ट इथली मंडळी आवर्जून सांगतात. वरून जाताना एका बाजूला लोहमार्ग दिसतो. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि लोणावळा लोकल आजही या वस्त्यांना एका माळेत ओवून धावते.

पिंपरीत एकमेकांना पाठ लावून दोन गावं आहेत. पवनेच्या बाजूला पिंपरी वाघेरे हे मूळ गाव. ग्रामदैवत काळभैरवनाथ. जुने वाडे आता तीन-चार मजली झाले असले तरी गल्ल्यांची रुंदी बैलगाडीच्या हिशेबाचीच आहे. तिथून थोडं चाललं की पाट्या बदलतात, बोली बदलते, आणि आपण पिंपरी कॅम्पात असतो. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या कुटुंबांना राहायला जी ठिकाणं मिळाली त्यांतलं हे एक. बराकींमध्ये संसार मांडलेल्या या लोकांनी कापड, चपला, भांडी, विजेच्या वस्तू यांचा व्यापार उभा केला. आज शगुन चौकाभोवतीची बाजारपेठ शहराची मुख्य बाजारपेठ आहे. मावळातल्या खेड्यांतली लग्नाची खरेदीसुद्धा इथेच होते.

कॅम्पात सकाळीच जावं. दुकानांची शटर उघडायच्या वेळी दाल-पकवानाच्या गाड्यांवर गर्दी असते. कुरकुरीत पुरीवर हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा. खाणारे निम्मे मराठी, विकणारा सिंधी, आणि हिशेब तिसऱ्याच मिश्र भाषेत. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, झुलेलालची मिरवणूक निघते तेव्हा गावातले आणि कॅम्पातले एकाच रस्त्यावर उभे असतात.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची विस्तीर्ण, झाडांनी भरलेली वसाहत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने १९५४ मध्ये हा कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. देशातली सरकारी मालकीची ही पहिली औषध कंपनी. बुरशीवरचं 'हॅमायसिन' हे औषध इथल्याच प्रयोगशाळेत शोधलं गेलं, आणि त्याच्या नावातली पहिली अक्षरं कंपनीच्या आद्याक्षरांवरून आली. एचए कॉलनीतल्या बैठ्या क्वार्टर्स, मैदान आणि शाळा पाहिली की सरकारी कारखान्याच्या भरवशावर आयुष्य आखलेली एक पिढी डोळ्यांसमोर येते. कंपनीचे दिवस पुढे फिरले, पण त्या वसाहतीतली सावली शहरात दुसरीकडे सापडत नाही.

चिंचवडगाव: देवांचा वाडा, क्रांतिकारकांचा वाडा

पायी फिरण्याची खरी मजा चिंचवडगावात आहे. चापेकर चौकातून आत वळलं की रस्ता उतरत उतरत पवनेपर्यंत जातो. नदीकाठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. मोरगावच्या मयूरेश्वराची वारी करणाऱ्या मोरयांनी उतारवयात चिंचवडला संजीवन समाधी घेतली अशी परंपरा आहे. समाधीचं साल परंपरेने १५६१ मानतात, अभ्यासकांमध्ये मात्र त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. मंदिर साधं, दगडी, बुटकं आहे. पावसाळ्यात पवनेला पूर आला की पाणी थेट मंदिरात शिरतं, आणि गावकरी तो दरवर्षीचा पाहुणा असल्यासारखं त्याबद्दल बोलतात. 'गणपती बाप्पा मोरया' या घोषातले मोरया ते हेच, हे ठाऊक असूनही इथे न आलेले गणेशभक्त पुण्यात पुष्कळ सापडतील.

मंदिरापासून जवळच मंगलमूर्ती वाडा आहे. मोरयांना कऱ्हेच्या पात्रात सापडलेली मूर्ती इथे पूजेत आहे, अशी श्रद्धा आहे. भाद्रपदात आणि माघात याच वाड्यातून मोरगावला पालखी जाते. मोरगाव, सिद्धटेक आणि थेऊर या अष्टविनायकांतल्या तीन स्थानांची व्यवस्था चिंचवड देवस्थानाकडे आहे. म्हणजे अष्टविनायकाची सहल करणारा प्रत्येकजण नकळत चिंचवडच्या व्यवस्थेतून जात असतो. पेशवाईत या संस्थानाचं वजन मोठं होतं. चिंचवडला टांकसाळही होती. मोरयांच्या वंशात गणपतीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, अशी त्या काळची समजूत. तिची कीर्ती इतकी पसरली होती की १८०० साली एडवर्ड मूर आणि १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम हे इंग्रज प्रवासी मुद्दाम चिंचवडच्या 'देवां'ना, म्हणजे त्या वंशजांना, भेटायला आले, आणि दोघांनीही ती भेट लिहून ठेवली. हे गाव प्रवासवर्णनात यायला कंपन्यांची वाट बघावी लागली नाही.

त्याच गल्ल्यांत चापेकर वाडा आहे. हरिपंत चापेकर कीर्तनकार होते आणि मुलं त्यांच्यामागे साथीला उभी राहत. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या जुलमी तपासणीचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर हरी चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. त्यांचा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि दुसरा भाऊ बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये, पाच दिवसांच्या आत, एकामागोमाग एक फाशी झाली. एका आईबापांचे तिन्ही मुलगे गेले. वाडा आता स्मारक म्हणून उभा आहे. स्मारक समितीचं काम चित्रं आणि पुतळ्यांवर थांबलेलं नाही. पद्मश्री गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकारातून इथलं पुनरुत्थान समरसता गुरुकुलम पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना शिकवतं. तिथे पुस्तकांबरोबर मातीकाम, लोहारकाम असले हातचे धडेही असतात. गावाने आपला इतिहास कसा वापरावा याचा हा चांगला नमुना आहे.

आकुर्डी: विठ्ठल आणि व्हेस्पा

पुढचं स्टेशन आकुर्डी. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी देहूतून निघते, पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात काढते आणि दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. त्या दिवशी आकुर्डीत पाय ठेवायला जागा नसते. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला दिंड्यांची रांग, आणि त्या रांगेला पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटणारे कंपन्यांच्या गणवेशातले कामगार. दुसऱ्या दिवशी पालखी पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्यात शिरते. आपण आलो त्याच वाटेने, उलट्या दिशेला. महामार्ग, लोहमार्ग आणि मेट्रो यांच्या कितीतरी आधी या गावांना एकमेकांशी जोडणारा हा मार्ग होता.

आकुर्डीचं दुसरं दैवत दुचाकी. बजाज कंपनी इटलीतल्या पियाजोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. पियाजोचं गाव पोन्तेदेरा, टस्कनीतलं. १९७१ मध्ये तो परवाना संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुलीच्या लग्नात जावयाला द्यायची म्हणून मुलगी शाळेत असतानाच नंबर लावणारे बाप त्या काळी होते, असं जुने कामगार हसत सांगतात. २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं, आणि नंतर विजेवर चालणाऱ्या चेतकच्या रूपाने पुन्हा आलं. इटलीला जाणारे मराठी पर्यटक रोम-फ्लॉरेन्सच्या जुन्या मोहल्ल्यांतून नकाशा घेऊन हौसेने हिंडतात. ज्या स्कूटरवर बसून आपण तिथले फोटो काढतो, तिच्या सख्ख्या बहिणीचं माहेर आकुर्डीत आहे, आणि तिथल्या विठ्ठल मंदिरापाशी जायला नकाशाही लागत नाही.

निगडी, देहूरोड: आखलेलं शहर आणि त्याची कडा

चिंचवडपासून निगडीपर्यंत पसरलेलं प्राधिकरण ही या पट्ट्यातली सर्वांत शिस्तीची वस्ती. कारखान्यांच्या मागोमाग कामगारांना घरं हवीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. पत्ता सेक्टरने सांगायचा, रस्ते सरळ, दुतर्फा झाडं, कोपऱ्यावर बाग. संध्याकाळी फिरायला निघालेले निवृत्त इंजिनिअर आणि फोरमन इथे घोळक्याने भेटतात. या शिस्तीची किंमत ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी मोजली. साडेबारा टक्के जमीन परताव्याचा प्रश्न त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुरून उरला. गावठाणातल्या पारावर बसलेल्या कुणाशीही बोला, पाच मिनिटांत विषय तिथे येतो.

निगडीपासून तळवडे, चिखलीकडे वळलं की अहिराणी ऐकू येते. खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी हा पट्टा भरला आहे. हिवाळ्यात भाजीवाल्यांकडे भरताची मोठी वांगी येतात, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी देणाऱ्या खानावळी दिसतात. दिवाळीत निगडीच्या चौकातून जळगाव, लातूर, बीड, परभणीकडे ट्रॅव्हल्सच्या गाड्या रात्रभर सुटत असतात. या शहराच्या लोकसंख्येचा हिशेब जनगणनेपेक्षा त्या रात्री जास्त चांगला कळतो.

निगडीच्या टोकाला भक्ती-शक्ती शिल्प आहे. शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या भेटीचं. त्याच्या पुढे देहूरोड. दारूगोळ्याचे लष्करी कारखाने आणि डेपो यांच्याभोवती वसलेली ही छावणी वस्ती. तिथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. दरवर्षी त्या तारखेला इथे मोठा जनसमुदाय येतो. तुकोबांचं देहू आणि बाबासाहेबांची ही धम्मभूमी यांच्यात काही किलोमीटरचंच अंतर आहे. एका सकाळी दोन्ही पाहिल्याशिवाय ही बाजू पुरी होत नाही.

भोसरी: जॉबवर्कचं गाव

चाकणला जायची एक वाट तळवड्यावरून, दुसरी भोसरीवरून. भोसरीवरून जावं. भोसरीच्या परिसरातल्या प्राचीन शिळांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आहे. आज तिची ओळख तालीम, कबड्डी आणि एमआयडीसी अशी तिहेरी आहे. १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि या माळांवर भूखंड पडले. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये आली. मोठ्या कंपन्यांच्या भिंतींआडचं आपल्याला दिसत नाही, भोसरीत मात्र सगळं उघड्यावर असतं. एस ब्लॉक, जे ब्लॉक असल्या पत्त्यांवर हजारो छोटे शेड आहेत. एकात लेथ, दुसऱ्यात प्रेस, तिसऱ्यात प्लेटिंग, चौथ्यात नुसतं पॅकिंग. एकच सुटा भाग टेम्पोत बसून चार शेड फिरतो आणि मग मोठ्या कंपनीच्या गेटवर जातो. कुणाकडे काय होतं, हे चहाच्या टपरीवर विचारलं तर बिनचूक कळतं. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी इथला वडापाव खावा, कारण तेव्हाचा घाणा ताजा असतो.

चाकण: कांदा, किल्ला आणि कन्व्हेयर

मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चिंबळी, कुरुळी, आणि मग चाकण. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे बजाज, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, महिंद्र अशी नावं आली. मर्सिडीजने देशातलं उत्पादन पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरू केलं आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचं घर केलं. फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात अडकलेल्या कंटेनरच्या रांगा हे या भरभराटीचं रोजचं रूप.

चाकण आधीपासून प्रसिद्ध आहे ते कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी. शनिवारी इथे आठवडे बाजार आणि जनावरांचा बाजार भरतो. खेड, मावळ, जुन्नरकडचे शेतकरी बैल घेऊन येतात. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे दलाल अजून दिसतात, आणि त्यांच्या मागच्या रस्त्यावरून कोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर जातो.

बाजारापासून जवळच संग्रामदुर्ग आहे. डोंगरावर नव्हे, सपाटीवर बांधलेला भुईकोट. १६६० च्या जूनमध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर मावळ्यांनिशी पावसापाण्यात सुमारे दोन महिने लढला. मुघलांनी शेवटी बुरुजाखाली सुरुंग लावून तो उडवला तेव्हा किल्ला पडला. एवढ्या छोट्या गढीला इतके दिवस लागले, ही गोष्ट खानाच्या फौजेला जड गेली. आज काही बुरुज, तटाचे तुकडे आणि दाट वस्ती एवढंच उरलं आहे. घरांच्या मधून वाट काढत तटाशी जावं लागतं. गावातलं चक्रेश्वराचं शिवमंदिर आणि तिथल्या जुन्या मूर्तीही बघण्यासारख्या आहेत. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी, गाथेचं लेखन जपणारे संताजी जगनाडे महाराज चाकणचेच. त्यांची समाधी जवळच्या सुदुंबऱ्यात आहे. आणि तुकोबांनी जिथे चिंतन केलं असं वारकरी मानतात त्या भामचंद्र डोंगराच्या लेण्यांमधून खाली पाहिलं तर कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात. डोंगर वाचावा म्हणून वारकऱ्यांना आवाज उठवावा लागला.

चिंचवड साठ वर्षांपूर्वी जिथे होतं तिथे आज चाकण आहे. जमीन विकून पैसा आलेला आहे, खोल्या बांधून भाड्याने दिल्या जात आहेत, ओडिशा-बिहारपासून आलेल्या पोरांनी त्या भरल्या आहेत. पुढच्या पिढीत त्यांचीही एक वस्ती होईल, तिचाही एक पदार्थ आणि एक उत्सव असेल. तो भाग आपोआप घडेल. जुनं आपोआप टिकत नाही. चिंचवडगावात वाडा उभा राहिला तो लोकांनी समिती करून, पैसे जमवून उभा केला म्हणून. चाकणच्या तटाला तशी माणसं हवी आहेत, आणि पाहायला येणारेही हवे आहेत. बघणारा आला की गावाला आपल्या दगडाची किंमत वाढल्यासारखी वाटते.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पिंपरी, चिंचवडगाव आणि आकुर्डी लोकल-मेट्रोने आणि पायी एका दिवसात होतात. चाकणसाठी शनिवार राखावा आणि पहाटेच निघावं, नाहीतर दिवस चौकातच जाईल. मार्गशीर्षात मोरया गोसावींचा समाधी उत्सव असतो, आणि देहूरोडचा २५ डिसेंबर त्याच्याच आगेमागे येतो, म्हणून डिसेंबर चांगला. ज्येष्ठातली आकुर्डी बघायची असेल तर गाडी घरी ठेवून दिंडीबरोबर चालत यावं.